देवरे मॅडमची तुलनेची माणसं

आमच्या पत्रकांना आजवर बऱ्याच जणांनी हात लावलाय. पोलिसांनी जप्त केली, बागायतदारांनी टराटरा फाडली, पेठ नाक्यावर एकदा गायीने अख्खा गठ्ठा खाल्ला. पण पत्रक वाचून, लाल पेन काढून, जिन्यात उभ्या उभ्या तपासून परत देणारं माणूस एकच भेटलं. देवरे मॅडम.

मथळा होता : ‘द्राक्षबागांत विषाचा पाऊस! मजुरांची फुप्फुसं निकामी! जबाबदार कोण?’

‘निकामी’खाली मॅडमनी रेघ ओढली.

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची, मॅडम.”

“कोणी मोजली?”

“मोजायची काय गरज? रात्रभर खोकतात ती माणसं.”

“मीपण खोकते. माझं निकामी झालं का?” मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पुढे त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकला की मला त्याचा राग येईनासा झाला. “ज्याला काही झालं नाही, त्याला विचारलंस का?”

“त्याला कशाला विचारू? त्याला काही झालंच नाही.”

“म्हणूनच तर,” असं म्हणून त्या तासावर निघून गेल्या. माझ्या हातात खोडलेलं पत्रक. उद्गारचिन्हं सगळी काढून टाकलेली.

मी मजुरांच्या संघटनेचं काम करतो. पेठ-सुरगाण्याकडून दर हंगामात टोळ्या उतरतात, पंचवटीत नाक्यावर उभ्या राहतात आणि टेम्पोत बसून द्राक्षबागांत जातात. औषध फवारतात, फवारलेल्या वेलींत दिवसभर हात घालतात, त्याच हातांनी भाकरी खातात. हात धुवायला पाणी नाही, तोंडाला फडकं स्वतःचं. यावर लिहायचं तर उद्गारचिन्हं लागतातच, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

देवरे मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या. कॉलेज छोटं, द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला. खिडकी उघडली तर ट्रकचा हॉर्न वर्गात येऊन बसायचा, बंद केली तर मुलं झोपायची. मॅडम खिडकी उघडी ठेवून हॉर्नवर आवाज चढवायच्या. साडी, त्यावर पांढरा एप्रन आणि पायांत मुलाने टाकून दिलेले निळे स्पोर्ट्स शूज. मूळच्या नामपूरच्या. वर्गात अगदी पुस्तकी मराठी. चिडल्या की मात्र अहिराणी, आणि तीही हळू आवाजात. त्यांची अहिराणी सुरू झाली की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना एकदम काम आठवायचं.

त्यांच्याशी साधं बोलणंही सोपं नव्हतं. कँटीनवाला म्हणायचा, “मॅडम, आज वडा लय भारी झालाय.” मॅडम विचारायच्या, “कालच्यापेक्षा की समोरच्या गाडीवरच्यापेक्षा?” एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, “पत्रिका छत्तीसच्या छत्तीस गुणांनी जुळली, संसार सुखाचा होणार.” मॅडम तिथेच, हातात जिलबी घेऊन : “न जुळलेल्यांचे संसार बघितले का?” भोवती बसलेल्यांपैकी निम्म्यांची पत्रिका जुळलेली नव्हती.

संशोधन सुरू झालं ते मात्र बॅनरमुळे. कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती. समितीला म्हणे वेगवेगळ्या विषयांनी मिळून केलेलं संशोधन आवडतं. प्राचार्यांनी लगेच बॅनर छापून घेतला : ‘विज्ञान व आरोग्य : आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र’. केंद्र म्हणजे जिन्याखालची खोली. संशोधन म्हणजे तो बॅनर. आपल्याकडे हे असंच चालतं, आणि मी ते मॅडमना तोंडावर सांगितलं.

“बरोबर बोललास,” त्या म्हणाल्या. “पण बॅनर छापलाच आहे तर आता काम करून टाकू. तुझ्या मजुरांचं मोजू. तू माणसं आण, नेते.”

तेव्हापासून मी ‘नेते’. मॅडमच्या तोंडी तो शब्द कधी कौतुकाचा वाटला नाही.

कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णा. स्वतः मोठे बागायतदार, दिंडोरी रस्त्याला मळा. मॅडम परवानगी मागायला गेल्या तेव्हा मीही मागे उभा होतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, “मॅडम, फवारणीनं माणसाची छाती बिघडती, हे तुम्ही मला दाखवून द्या. त्या दिवशी माझ्या मळ्यात मास्क, हातमोजे, साबण, हात धुवायला वेगळी टाकी. शब्द देतो. मी केलं की बाकीचे बागायतदार गुमान करतील. पण नुसतं ह्या पोराच्या पत्रकावर मी साबणाची एक वडीसुद्धा देणार नाय.”

म्हणजे आता सगळं मॅडमच्या मोजण्यावर आलं. नाक्यावर मी हे सांगितलं तेव्हा टोळीतल्या सक्रीबाईने विचारलं, “बाई मोजंल आनि मंग साबन भेटंल? आदी साबन देऊन मोजला त काय बिघडंल?”

पहिलं काम हातांचं. दिवसाचं काम संपलं की मजुरांचे हात स्वच्छ पाण्यात धुवायचे, ते पाणी बाटलीत भरायचं आणि त्यात औषध किती उतरलंय ते रसायनशास्त्रवाल्यांनी तपासायचं. बाटल्या ठेवायला फ्रीज लागतो. कॉलेजात फ्रीज एकच, स्टाफरूममधला, त्यात चहाचं दूध. मॅडमनी अर्धा कप्पा ताब्यात घेतला आणि प्रत्येक बाटलीवर नीट अक्षरात चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी मराठीचे सोनवणे सर दूध काढायला गेले आणि किंचाळले. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘सक्रीबाई, डावा हात’. मागे ‘सक्रीबाई, उजवा हात’. तिच्यामागे असेच आणखी बायकांचे हात.

दुपारपर्यंत कॉलेजभर झालं की देवरे मॅडमनी फ्रीजमध्ये हात ठेवलेत. शिपायाने फ्रीज उघडायला साफ नकार दिला. दोन मुलींच्या आया भेटायला आल्या. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं : “मॅडम, निदान ‘पाणी’ असा शब्द तरी घालायचा.”

“पाणी लिहिलं असतं तर सोनवणे सर प्यायले असते,” मॅडम म्हणाल्या.

सोनवणे सर खरंच फ्रीजमधली कुठलीही बाटली तोंडाला लावायचे.

या सोनवणे सरांनाच मॅडमनी प्रश्नावली लिहायला दिली. मी म्हणालो, मजुरांच्या छातीत मराठी विभागाचं काय काम? मॅडम म्हणाल्या, “प्रश्न कळला नाही तर उत्तर कशाचं मोजू?” सरांनी आठवडाभर खपून प्रश्नावली केली. पहिला प्रश्न : ‘आपणांस श्वसनक्रियेत कष्ट जाणवतात काय?’

सक्रीबाई नाक्यावर ओट्यावर बसलेली. सरांनी प्रश्न वाचला. ती म्हणाली, “कष्ट त रोजचाच आहा.”

“म्हणजे ‘होय’ लिहू?”

“लिव्हा ना. तुमाला नाय का कष्ट?”

सर म्हणाले, आहेत की. मग पेपर तपासण्यापासून सुरू झाले ते मुलाच्या इंजिनिअरिंगपर्यंत आले. सक्रीबाई पदर डोक्यावर घेऊन ऐकत होती, मध्येच “अरं रं” म्हणत होती. मॅडम लांबून बघत होत्या. शेवटी जवळ आल्या आणि म्हणाल्या, “सर, मुलाखत तुम्ही घ्यायची होती, द्यायची नाही.”

त्या संध्याकाळी सर पुन्हा प्रश्नावली घेऊन बसले आणि या वेळी बायकांना विचारून विचारून लिहिली. ‘चढ चढताना मधे थांबावं लागतं का?’ ‘खोकल्याने रात्री उठून बसता का?’ ‘फवारलेल्या ओळीत गेल्यावर डोळ्यांतून पाणी येतं का?’ खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ती चांगली झाली होती. सर त्यानंतर सुट्टीच्या दिवशीही नाक्यावर दिसू लागले.

मग आली फुंकायची नळी. वीतभर प्लास्टिकची नळी, वर एक लाल काटा. छातीत मावेल तेवढी हवा भरून घ्यायची आणि एकदाच जोरात फुंकायचं. काटा जितका पुढे पळेल तितका श्वास मोकळा. तोंडात धरायचा पुठ्ठ्याचा तुकडा ज्याचा त्याचा वेगळा. मजुरांचं फुंकून झालं. आता हवी होती तुलनेची माणसं, म्हणजे त्याच वयाची, पण फवारणीशी काही संबंध नसलेली. ज्यांना काही झालेलं नाही अशी. आणि इथेच मॅडमची चूक झाली. एवढी हुशार बाई, पण कॉलेजात ‘निरोगी माणूस’ म्हटल्यावर तिथल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जो आला, तोच मॅडमच्याही आला : प्राध्यापक.

स्टाफरूममध्ये रांग लागली. पहिले क्रीडाशिक्षक. त्यांनी बाह्या वर केल्या, जागच्या जागी उड्या मारल्या, नळी तोंडात धरली आणि फुंकले. काटा थोडासा हलला आणि थांबला.

“यंत्र खराब आहे,” ते म्हणाले.

“परत फुंका.”

परत फुंकले. काटा आणखी अलीकडे थांबला. मग सोनवणे सर. तीनदा फुंकून खुर्चीत बसले आणि म्हणाले, “माझा श्वास लघुकथेचा आहे, मॅडम. कादंबरी नको.” मग इतिहास, मग भूगोल, मग ग्रंथपाल. एकामागोमाग एक नामांकित छात्या पडत गेल्या. बाजूला सक्रीबाई हात धुण्याचं पाणी द्यायला येऊन बसली होती. तिने पदर तोंडाला लावला होता, खांदे हलत होते. शेवटी तिला राहवेना. तिने आपला पुठ्ठ्याचा तुकडा नळीला लावून घेतला आणि फुंकलं. काटा पार शेवटाला.

“लागला का?” तिने विचारलं. आणि क्रीडाशिक्षकांकडे बघून, मनापासून काळजीने : “सर, तुमी घरी आराम करा जरा.”

हातांच्या पाण्यात औषध सापडलं होतं, पण अण्णांना पुरावा छातीचा हवा होता. आणि छातीचा हिशेब मांडला तर मजूर ठणठणीत आणि प्राध्यापक गेलेले. माझी अवस्था काय झाली असेल ते सांगत नाही. मॅडमचा निकाल ऐकायला अण्णांनी बागायतदारांची बैठक लावली होती, ती तोंडावर आलेली. मी म्हणालो, “मॅडम, प्राध्यापक काढून टाकू. वर्षानुवर्षं या चौकातला धूर खातात, त्यातले निम्मे सिगारेट ओढतात. नुसत्या मजुरांच्या तक्रारी वाचून दाखवा. खोकला तर खोटा नाही ना?”

“खोकला खोटा नाही.”

“मग?”

“मग काय, शोभतील तेवढेच आकडे मांडू? ते तुझं पत्रक करतं.”

मला राग आला. मी म्हणालो, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी, तिकडे माणसं औषधात जेवतायत. मॅडम अजून तिथेच बसलेल्या सक्रीबाईकडे वळल्या.

“मागच्या हंगामात तुझ्याबरोबर तुझा दीर होता, असं तू प्रश्नावलीत सांगितलं होतंस ना? फवारायला जायचा तो. या वर्षी दिसला नाही.”

“तो गावालाच आहा. त्याला दम लागतो. नाक्यावर येऊन काय करंल?”

मॅडम जागच्या जागी थांबल्या. मग कपाळावर हात मारून घेतला, चांगला आवाज होईल असा. “म्हणजे ज्याची छाती बसली तो नाक्यावर येतच नाही. मी नाक्यावर मोजलं ते उरलेल्या धडधाकट माणसांना. इकडे मोजलं ते द्वारकेच्या धुरातल्या माणसांना. दोन्ही बाजू चुकल्या, नेते. आणि चुकवल्या मी.”

बैठक अण्णांच्या मळ्यातल्या शेडमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, भेळ, पांढऱ्या टोप्या आणि पांढऱ्या गाड्या. मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य : “फवारणीने मजुरांची छाती बिघडते, हे माझ्या अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही.”

टाळ्या. मागच्या रांगेत तर एकाने शिट्टी मारली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि संघटनेत काय तोंड दाखवू याचा विचार करत होतो. अण्णा खुशीत म्हणाले, “झालं म्हणजे. मॅडमनी खरं ते सांगितलं. चहा घ्या सगळ्यांनी.”

“बसा, अण्णा,” मॅडम म्हणाल्या. “बिघडत नाही, असंही सिद्ध झालेलं नाही. मी तुलनेची माणसं चुकीची घेतली.” आणि प्राध्यापकांची फुंकण्याची गोष्ट त्यांनी सगळी सांगितली, क्रीडाशिक्षकांसकट. शेड हसून हसून लोळलं. हसू जरा ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “माणसाची तुलना दुसऱ्याशी करायचीच नाही. त्याची त्याच्याशीच करायची. सकाळी फवारणीआधी फुंकायचं, फवारणी झाली की परत फुंकायचं. उद्या तुमच्याच मळ्यात, अण्णा. फवारणीच्या ट्रॅक्टरवर कोण बसतं?”

“योगेश बसतो.”

“तुमचा योगेश?”

“हा. फवारणीचा ब्लोअर कामावरच्या माणसाच्या हातात देत नाय आम्ही. महागाचा येतो.”

मी हे ऐकून तोंड उघडणार होतो, पण मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात सगळी टोळी ओळीने फुंकली. योगेशही फुंकला. तगडा गडी, काटा चांगला लांब गेला. “बघा,” अण्णा म्हणाले. मग ब्लोअर सुरू झाला. ओळींमधून पांढरं धुकं उठलं, योगेश त्यातून पुढे जात राहिला, तोंडाला रुमाल बांधलेला. औषधाच्या नळ्या ओढत मजूर मागे. आम्ही बांधावर. तिथपर्यंतही वास येत होता. अण्णा रोज हा वास घेत असणार, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना रुमाल काढताना बघितलं.

औषधाची टाकी संपली. योगेश उतरला, डोळे लाल. नळी तोंडाला लावून फुंकला. काटा सकाळच्या खुणेच्या बराच अलीकडे थांबला. त्याला वाटलं नीट फुंकलं नाही. परत फुंकला आणि खोकला. खोकतच राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून. मग टोळीतले एकेक जण फुंकले. सक्रीबाईचाही काटा या वेळी शेवटाला गेला नाही. तिने नळी उलटी करून बघितली.

अण्णा योगेशजवळ गेले. मॅडम म्हणाल्या, “अण्णा, एका मळ्यावरून, एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही. हंगामभर मोजावं लागेल.”

“मॅडम,” अण्णा म्हणाले, “तो माझा पोरगा हाय.”

“ते मी लिहिणार नाही. पण कळलं.”

अण्णांनी तिथूनच फोन लावला. “एक चांगला मास्क पाठव. भारीतला. योगेशसाठी.”

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. “एक नही, अण्णा. मळामा जितला नाकं शेतस, तितला मास्क.”

अण्णांनी फोन कानाला ठेवूनच टोळीवर नजर फिरवली. मग फोनवर म्हणाले, “थांब जरा. नाकं मोजून सांगतो.”

मास्क आले, साबण आला, टाकी बसली. मला आनंद झाला आणि रागही आला. वर्षानुवर्षं मजूर खोकले तेव्हा कोणाला ऐकू गेलं नाही, आणि मालकाचा मुलगा एकदा खोकला की फोन लागतो. हे मी मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “लिही. हे अगदी खरं आहे. उद्गारचिन्ह टाकलंस तरी चालेल.”

त्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, मॅडमसारखी शिक्षिका होणे नाही. मॅडम बाजूच्या खुर्चीवरून काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात सोनवणे सरांनी त्यांच्या हातात पेढा दिला. बॅनर समितीने बघितला, नावाजला आणि तो गुंडाळून ठेवण्यात आला.

पुढच्या हंगामात अण्णांच्या मळ्यावर मी फोटो काढायला गेलो. संघटनेच्या पत्रकासाठी विजयाचा फोटो हवा होता. मास्क लावलेले मजूर, मागे ब्लोअर, वर मथळा. बांधावर निळे बूट दिसले. मॅडम एसटीने आल्या होत्या, कोणी न बोलावता, आणि ओळीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. समोरून औषधाची नळी धरलेला गडी येत होता. मास्क होता, पण हनुवटीवर. गालात तंबाखू.

मॅडम एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “हनुवटीले दम लागस का रे भाऊ?”

त्याने घाईघाईने मास्क वर ओढला. मागे बघितलं तर अर्ध्या टोळीचे मास्क हनुवटीवर, एकाचा तर कपाळावर.

“मॅडम, तंबाखू कशी खायची मग?” तो मास्कमधूनच म्हणाला. “तंबाखूबिगर हात चालत नाय.”

मला वाटलं आता व्यसनमुक्तीवर भाषण होणार. तसं भाषण आमच्या संघटनेकडेही तयार आहे. मॅडमनी शेडकडे बघून हाक मारली, “अण्णा! मधेमधे ब्लोअर बंद करून तंबाखूची सुट्टी द्या.”

“आता तंबाखूलाबी सुट्टी?” अण्णा तिकडून ओरडले.

“द्या. नाहीतर मास्क हनुवटीवरच राहणार आणि पुढच्या वर्षी तुम्ही म्हणणार, मास्कने फरक पडत नाही.”

अण्णा काहीतरी पुटपुटले. पण ब्लोअर थांबला. धुकं खाली बसलं. सगळी टोळी बांधावर येऊन बसली, मास्क गळ्यात लोंबत, डब्या उघडलेल्या, चुना मळणं चालू. सक्रीबाईने सरकून मॅडमना जागा दिली. कोणीतरी मॅडमपुढे तंबाखूची डबी धरली आणि सगळे हसले. मी मोबाइल काढला.

“फोटो काढ, नेते,” मॅडम म्हणाल्या, “पण हाच काढ. हा छापशील तर तुझं पत्रक मी खोडणार नाही.”

मी काढला. बघणाऱ्याला वाटावं, मास्क मिळाले आणि लावत कोणीच नाही. त्याखाली काय लिहायचं ते मला तिथे उभं राहून सुचेना. तंबाखू थुंकून झाल्यावर गडी उठले, एकेकाने मास्क नाकावर चढवला. सगळ्यात शेवटी मॅडम उठल्या, पदराच्या गाठीतून स्वतःचा मास्क काढून लावला आणि त्यांच्यामागून ओळीत शिरल्या. ब्लोअर सुरू झाला. काही वेळ पानांच्या खालून निळे बूट दिसत होते, मग धुक्यात तेही दिसेनात.